विद्युत उपकरणांतील घातक पदार्थ मर्यादेत ठेवताना: लघुउद्योजकासाठी कामाची पद्धत

विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील घातक पदार्थांवरील निर्बंध, ज्यांना कारखान्यांत सर्रास ‘रोहस’ म्हटले जाते, ते पाळण्याचे काम बहुतेक छोट्या कारखान्यांत एका फाइलीपुरते उरलेले असते. सप्लायरकडून एकेक प्रमाणपत्र मागवायचे, ते फाइलीला लावायचे आणि ग्राहकाने किंवा निर्यातदाराने विचारले की त्याची प्रत पाठवायची, एवढ्यावर ते संपते. या लेखाचा आग्रह निराळा आहे. शिसे किंवा कॅडमियम उत्पादनात शिरते ते खरेदीच्या टेबलावरून, जॉबवर्कवाल्याच्या शेडमधून आणि सोल्डरिंगच्या बाकावरून. म्हणून ते रोखायचेही तिथेच असते, आणि कागद हा त्या रोखण्याचा पुरावा म्हणून मागाहून तयार होतो. पुढील विवेचनात एक इंडक्शन शेगडी उदाहरणादाखल घेतली आहे, कारण तिच्यात केबल, प्लास्टिक, स्क्रू, पीसीबी (सुटे भाग बसवलेला सर्किट बोर्ड), पॉवर ट्रान्झिस्टर, पंखा आणि तांब्याची कॉइल असे जवळजवळ सगळे प्रकार एकत्र सापडतात.

कायदा नेमके काय सांगतो

भारतात ही तरतूद ई-कचऱ्याच्या नियमांतून आली. २०११ च्या नियमांनी ती घातली आणि १ मे २०१४ पासून ती प्रत्यक्ष लागू झाली. पुढे २०१६ चे नियम आले, आणि सध्या १ एप्रिल २०२३ पासून अमलात असलेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत. त्यांतील नियम १६ नुसार शिसे, पारा, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे घातक रूप), पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइल आणि पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर (ही दोन्ही आग रोखण्यासाठी प्लास्टिकमध्ये मिसळली जाणारी ब्रोमिनची संयुगे) यांचे प्रमाण प्रत्येक एकजिनसी पदार्थात वजनाच्या ०.१ टक्क्याहून अधिक असता कामा नये. कॅडमियमसाठी ही मर्यादा दहापट कडक, म्हणजे ०.०१ टक्का आहे. जबाबदारी ‘प्रोड्यूसर’ची आहे, म्हणजे जो स्वतःच्या ब्रँडखाली विकतो त्याची, मग तो माल स्वतः बनवो, दुसऱ्याकडून बनवून घेवो किंवा आयात करो. आपले उत्पादन नियमांच्या पहिल्या अनुसूचीत कोणत्या संकेतांकाखाली येते हे सर्वप्रथम पाहावे, कारण २०१६ च्या तुलनेत २०२२ मध्ये ही यादी खूप विस्तारली असून तिच्यात आता १०६ प्रकारची उपकरणे आहेत.

सूक्ष्म उद्योगांना या नियमांतून वगळले आहे. मात्र ज्या सूक्ष्म उद्योगाचा माल एखाद्या मोठ्या ब्रँडच्या नावाने विकला जातो, त्याने या सवलतीवर विसंबू नये. तो ब्रँड स्वतः प्रोड्यूसर असल्याने तीच अट खरेदीच्या ऑर्डरमधून आपल्यापर्यंत पोहोचतेच.

युरोपात माल पाठवायचा असेल तर २०११ चा ६५ क्रमांकाचा निर्देश आणि त्यात भर घालणारा २०१५ चा ८६३ क्रमांकाचा निर्देश पाहावा लागतो. या दुसऱ्या निर्देशाने डीईएचपी, बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी हे चार थॅलेट (पीव्हीसीसारखे प्लास्टिक मऊ करणारी रसायने) यादीत आणले आणि २२ जुलै २०१९ पासून त्यांनाही प्रत्येकी ०.१ टक्क्याची मर्यादा लागू झाली; वैद्यकीय उपकरणे आणि मापन-नियंत्रणाची उपकरणे यांना ती दोन वर्षांनी लागली. भारताच्या नियमांत सहा पदार्थ आहेत, युरोपात दहा. दोन्हीकडे विकणाऱ्याने दोन निरनिराळ्या खरेद्या आणि दोन निरनिराळे साठे सांभाळण्याच्या भानगडीत पडू नये आणि दहाची यादीच सगळीकडे लावावी, असे माझे ठाम मत आहे. केबलच्या किमतीत पडणारा फरक स्टोअरमधील एका गोंधळापेक्षा निश्चितच स्वस्त पडतो.

‘एकजिनसी पदार्थ’ समजल्याशिवाय पुढे जाऊ नये

सगळ्या चुकांचे मूळ येथे असते. मर्यादा शेगडीच्या एकूण वजनावर मोजत नाहीत आणि सुट्या भागाच्या वजनावरही मोजत नाहीत. स्क्रू काढणे, कापणे, ठेचणे, दळणे, घासणे अशा यांत्रिक क्रियांनी ज्याचे आणखी निराळे पदार्थ करता येत नाहीत, त्या पदार्थावर ती मोजतात.

शेगडीची पॉवर कॉर्ड हातात घेऊन ती सोलून पाहावी. बाहेरचे काळे पीव्हीसी आवरण हा एक पदार्थ. आतील तपकिरी, निळ्या आणि हिरव्या-पिवळ्या वायरींचे इन्सुलेशन हे प्रत्येक रंगागणिक निराळे पदार्थ, कारण रंगद्रव्य निराळे. तांब्याच्या तारा, प्लगचे साच्यात ओतलेले प्लास्टिक, पितळेची पिन आणि त्या पिनेवरील निकेलचा मुलामा हेही सगळे निराळे. आता समजा कॉर्डचे वजन २०० ग्रॅम, त्यातील बाहेरचे आवरण ६० ग्रॅम, आणि त्या आवरणात ०.३ टक्के शिसे आहे. म्हणजे शिसे झाले ०.१८ ग्रॅम. पूर्ण कॉर्डच्या हिशेबाने हे प्रमाण ०.०९ टक्का भरते, म्हणजे वरकरणी सगळे ठीक; परंतु नियमाच्या दृष्टीने ते आवरण मर्यादेच्या तिप्पट आहे आणि ती कॉर्ड नापास आहे. पीव्हीसी उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात शिशाचे क्षार घालण्याची जुनी पद्धत आहे. त्याऐवजी कॅल्शियम-झिंकवर आधारलेले स्टॅबिलायझर वापरलेली केबल मिळते, आणि ऑर्डरमध्ये तीच स्पष्ट शब्दांत मागावी.

केबलसारख्या साध्या भागावर एवढा भर देण्याचे आणखी एक कारण आहे. डिसेंबर २००१ मध्ये नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनीच्या प्लेस्टेशन वन या गेमच्या यंत्राचे सुमारे १३ लाख नग अडवले, ते केबलमध्ये सापडलेल्या कॅडमियममुळे. तेव्हा युरोपचा रोहस निर्देश अमलातही आलेला नव्हता. नेदरलँड्सचा स्वतःचा कॅडमियमविषयीचा कायदा त्यासाठी पुरेसा ठरला.

भागांची यादी आणि जोखमीची वर्गवारी

पहिले प्रत्यक्ष काम म्हणजे बीओएम, अर्थात सुट्या भागांची यादी, पूर्ण करणे. कारखान्यातील बीओएममध्ये बहुधा पीसीबीवरचे भाग तपशीलवार असतात. मात्र हीट श्रिंक स्लीव्ह, केबल टाय, चिकट पट्टी, लेबल, छपाईची शाई, थर्मल पेस्ट, रबरी पाय आणि सोल्डर वायर यांचा तिच्यात पत्ताच नसतो. जे जे शेगडीबरोबर ग्राहकाच्या घरी जाते, ते ते यादीत हवे.

त्यानंतर प्रत्येक भागासमोर दोन प्रश्न लिहावेत: या पदार्थात घातक द्रव्य असण्याची शक्यता किती, आणि हा सप्लायर किती विश्वासाचा. युरोपात तांत्रिक कागदपत्रांसाठी जे ६३००० क्रमांकाचे आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) मानक मानले जाते, त्याचा गाभा हाच आहे; सगळ्याची चाचणी करा असे ते सांगत नाही, तर जोखमीच्या प्रमाणात पुरावा गोळा करा असे सांगते. नामांकित कंपनीच्या सीलबंद रीळमधून आलेला चिप रेझिस्टर आणि नेमका कोणाच्या हातचा आहे हे ठाऊक नसलेला झिंक प्लेटिंगचा स्क्रू, या दोघांना सारखी वागणूक देणे म्हणजे पैशाची नासाडी.

अनुभवी माणूस ज्यांच्याकडे आधी पाहतो ते भाग असे: पीव्हीसीचे काहीही, लाल, नारिंगी किंवा गडद पिवळ्या रंगाचे प्लास्टिक, कारण या छटांसाठी कॅडमियमची रंगद्रव्ये वापरली जात, रिप्रोसेस्ड दाण्यातून बनवलेले काळे प्लास्टिक, पिवळसर, सप्तरंगी झाक असलेले झिंक प्लेटिंग, रिलेचे कॉन्टॅक्ट, आणि अर्थातच सोल्डर. यांतील काळ्या प्लास्टिकची गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुन्या टीव्ही आणि कॉम्प्युटरच्या खोक्यांत आग रोखण्यासाठी ब्रोमिनची संयुगे मिसळलेली असत. ती खोकी भंगारात जाऊन, दळली जाऊन पुन्हा दाणा होऊन येतात, आणि मोल्डर त्यात काळा मास्टरबॅच (रंगाचा दाट दाणा) टाकतो. त्या दाण्याचा इतिहास मोल्डरला स्वतःलाही ठाऊक नसतो. शेगडीच्या बॉडीसाठी नवा दाणा वापरण्याची अट घालावी, किंवा रिप्रोसेस्ड दाणा वापरायचाच असेल तर प्रत्येक लॉटची तपासणी अनिवार्य करावी.

स्क्रूच्या बाबतीत, झिंक प्लेटिंगवर जो संरक्षक थर देतात त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असू शकते. ट्रायव्हॅलंट क्रोमियमचा पर्याय सर्वत्र उपलब्ध आहे. परंतु केवळ रंग पाहून निष्कर्ष काढू नये. ट्रायव्हॅलंट थरालाही पिवळा रंग देता येतो आणि निळसर-पांढरा थर म्हणजे हमखास सुरक्षित असेही नाही. प्लेटिंगवाल्याकडून रसायनाचे नाव लेखी घ्यावे.

सूट कोणाला, आणि किती काळ

इंडक्शन शेगडीतील आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) किंवा ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) यांच्या पोटात चिप बसवण्यासाठी जे उच्च तापमानाला वितळणारे सोल्डर वापरतात, त्यात ८५ टक्के किंवा अधिक शिसे असू शकते, आणि त्याला सूट आहे. चिप रेझिस्टरच्या काचेतील आणि सिरॅमिकमधील शिसे, तांब्याच्या मिश्रधातूतील ४ टक्क्यांपर्यंतचे शिसे (म्हणून प्लगची पितळी पिन चालते), पोलादातील ०.३५ टक्क्यापर्यंतचे शिसे, अशाही सवलती आहेत. मात्र सवलत ही त्या विशिष्ट उपयोगापुरती असते. पितळेत शिसे चालते म्हणून त्याच पिनेला जोडलेल्या सोल्डरमध्ये ते चालत नाही.

युरोपातील सवलतींना मुदत असते, आणि ती संपते, वाढते किंवा तिचे पोटभाग पाडले जातात. भारतातील सवलती नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. दोन्ही याद्या एकमेकींशी पुष्कळशा जुळतात, पण त्या एकच आहेत असे गृहीत धरू नये. बीओएममध्ये भारतासाठी एक आणि युरोपसाठी एक असे दोन रकाने ठेवावेत व युरोपच्या रकान्यात मुदतीची तारीख लिहावी.

सोल्डरिंगचा बाक

माझ्या मते निम्मी लढाई येथेच जिंकली किंवा हरली जाते, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने.

पूर्वीचे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळते. त्याच्या जागी आलेले, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे असलेले कथिलाचे सोल्डर २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळते. चांदी नसलेले स्वस्त कथील-तांब्याचे सोल्डर तर २२७ अंशांना. म्हणजे वेव्ह सोल्डरिंगच्या पॉटचे (वितळलेल्या सोल्डरच्या भांड्याचे) तापमान वाढवावे लागते, हाताच्या सोल्डरिंग इस्त्रीचे टोक लवकर झिजते, आणि कथिलाचे प्रमाण वाढल्यामुळे साध्या स्टेनलेस स्टीलचा जुना पॉट हळूहळू खाल्ला जातो. जुन्याच पॉटमध्ये नवे सोल्डर भरण्याचा मोह आवरावा. एक तर पॉट टिकत नाही, आणि दुसरे म्हणजे त्याच्या कानाकोपऱ्यांत राहिलेले शिसे पुरेसे नुकसान करते.

किती पुरेसे, हे आकड्यात पाहावे. १०० किलोच्या पॉटमध्ये ०.१ टक्का म्हणजे केवळ १०० ग्रॅम शिसे चालते. ६३-३७ च्या सोल्डरमध्ये ३७ टक्के शिसे असल्याने, असे जुने सोल्डर जेमतेम २७० ग्रॅम पडले की संपूर्ण पॉट मर्यादेला टेकतो. १० किलोच्या हाताने बुडवण्याच्या पॉटला तर २७ ग्रॅम पुरतात, म्हणजे एखाद्या तुटक्या कांडीचा तुकडा. त्यातून निघणारा प्रत्येक सांधा त्यानंतर नापास असतो, आणि दिसायला तो पूर्वीसारखाच असतो. म्हणून पॉटमधील सोल्डरचा नमुना ठरावीक काळाने प्रयोगशाळेत पाठवावा व त्याचा अहवाल तारखेसह बाकाशेजारी लावावा.

दुरुस्तीचा बाक हा सर्वांत दुर्लक्षित. मुख्य लाइनवर शिसेमुक्त सोल्डर, आणि कोपऱ्यात बसून सदोष बोर्ड नीट करणाऱ्या कारागिराच्या हातात जुन्या वायरचे रीळ, हे दृश्य मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. त्या माणसाचा दोष नसतो. शिशाची वायर सोपी वाहते, सांधा चकचकीत येतो आणि कोणी त्याला कारण सांगितलेले नसते. उपाय साधे आहेत: शिशाचे सोल्डर आवारातूनच काढून टाकावे, आणि जुन्या ग्राहकाच्या दुरुस्तीसाठी ते ठेवणे भागच असेल तर त्याची खोली, इस्त्री, टोके, सोल्डर शोषणारी जाळी आणि स्पंज हे सगळे निराळे ठेवून त्यांना ठळक रंगखूण करावी. शिसेमुक्त सांधा किंचित मंद, दाणेदार दिसतो, आणि तो त्यामुळे वाईट ठरत नाही, हे तपासनिसांना नमुने दाखवून शिकवावे. अन्यथा चांगले सांधे नापास होतात, ते पुन्हा तापवले जातात आणि खरोखर बिघडतात.

याच संदर्भात बाहेरच्या जॉबवर्ककडे लक्ष द्यावे. कॉइल किंवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा छोटा कारागीर तारांची टोके त्याच्याकडील पॉटमध्ये बुडवून कथील चढवून देतो, आणि तो पॉट बहुधा वर्षानुवर्षे तोच असतो. आपली तार शुद्ध, आपला बोर्ड शुद्ध, आणि टोकावरचा तो मिलिमीटरभर थर मात्र शिशाचा, असा प्रकार होतो. केबल हार्नेस बनवणाऱ्यांकडेही हेच पाहावे. अशा कारागिराला पत्र पाठवून भागत नाही; त्याच्या शेडमध्ये जाऊन पॉट पाहावा, आणि शक्य असल्यास आपल्या खर्चाने एकदा सोल्डर बदलून द्यावे.

कामगारांच्या आरोग्याचा मुद्दाही येथेच येतो. इस्त्रीच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. धोका असतो तो हाताला आणि कपड्यांना लागणाऱ्या कणांचा, आणि पॉटवरील मळी काढताना उडणाऱ्या धुळीचा. ते हात न धुता डबा उघडला की शिसे पोटात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्यासाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, त्यामुळे कामाचे कपडे घालून घरी जाणे हेही टाळले पाहिजे.

कागद वाचावा कसा

सप्लायरच्या घोषणापत्रात भागाचा क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव, निर्देशाचा क्रमांक (युरोपसाठी ८६३ चा उल्लेख नसेल तर तो कागद थॅलेटविषयी काहीच सांगत नाही), कोणती सूट घेतली आहे तिचा क्रमांक, तारीख आणि जबाबदार व्यक्तीची सही हे सगळे असावे. ‘आमची सर्व उत्पादने रोहस अनुरूप आहेत’ एवढ्या एका ओळीच्या पत्राला फारशी किंमत देऊ नये.

चाचणी अहवाल हातात आला की सर्वप्रथम त्यातील छायाचित्र पाहावे. आपण घेतो तोच भाग आहे का? त्याचे सुटे पदार्थ करून तपासले आहेत की संपूर्ण भाग एकत्र दळून? निळ्या वायरीचा अहवाल लाल वायरीला चालत नाही. चाचण्यांच्या पद्धती ६२३२१ क्रमांकाच्या आयईसी मानकमालेत दिल्या आहेत, आणि प्रयोगशाळेची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता त्या विशिष्ट चाचणीसाठी आहे का हे तिच्या मान्यतेच्या व्याप्तीवरून तपासता येते.

इनवर्ड, म्हणजे येणाऱ्या मालाच्या, तपासणीसाठी क्ष-किरणांवर चालणारे एक्सआरएफ यंत्र उपयोगी पडते. ते स्वतः विकत घेणे परवडत नसेल तर अनेक प्रयोगशाळा अल्प शुल्कात ही तपासणी करून देतात. मात्र त्याच्या मर्यादा ओळखाव्यात. प्लास्टिकमध्ये शिसे साधारण ७०० पीपीएमच्या (दहा लाखांत ७०० भाग; ०.१ टक्का म्हणजे १,००० पीपीएम) खाली दिसले तर ते स्वीकारावे, १,३०० च्या वर दिसले तर नाकारावे, आणि मधल्या पट्ट्यातील नमुना रासायनिक चाचणीला पाठवावा. कॅडमियमसाठी हेच आकडे ७० आणि १३० आहेत. यंत्राला एकूण क्रोमियम दिसते, ते हेक्झाव्हॅलंट आहे की नाही हे कळत नाही. तसेच एकूण ब्रोमिन दिसते, त्याचे संयुग कळत नाही, म्हणून ब्रोमिन ३०० पीपीएमच्या पुढे गेले की पुढची चाचणी करावी. थॅलेट तर त्याला मुळीच दिसत नाहीत. आणि भाग किरणांच्या ठिपक्यापेक्षा लहान असेल तर शेजारचे पदार्थही मोजले जातात. भरलेल्या पीसीबीवर यंत्र टेकवून मिळालेल्या शिशाच्या आकड्याला म्हणूनच काही अर्थ नसतो, कारण त्यात सूट असलेले शिसेही मिसळलेले असते.

आपली घोषणा आणि त्यानंतरची जबाबदारी

भारतात विकताना उपकरणातील घटकांची माहिती आणि नियमांच्या अनुरूपतेची घोषणा ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या पुस्तिकेत छापावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ बाजारातून नमुने उचलून तपासू शकते, त्याचा खर्च प्रोड्यूसरकडून घेते, आणि नमुना नापास झाल्यास सुधारणा करून तो माल बाजारातून परत घ्यावा लागतो. युरोपसाठी सीई चिन्ह, अनुरूपतेचे घोषणापत्र आणि तांत्रिक फाइल लागते, आणि ही कागदपत्रे उत्पादन बाजारात आणल्यापासून १० वर्षे जपून ठेवावी लागतात.

परत घेण्याची वेळ आली तर किती नग परत घ्यायचे, हे लॉटच्या नोंदींवर ठरते. कोणत्या तारखेच्या शेगड्यांत केबलचा कोणता लॉट गेला हे सांगता आले तर काहीशे नगांवर भागते; सांगता आले नाही तर वर्षभराचे उत्पादन संशयित ठरते. म्हणून इनवर्डच्या नोंदवहीतील लॉट क्रमांक आणि शेगडीचा अनुक्रमांक यांची सांगड पहिल्या दिवसापासून घालावी. टंचाईच्या काळात खरेदी विभाग पर्यायी भाग उचलतो, तेव्हाही गुणवत्ता विभागाच्या सहीशिवाय तो भाग स्टोअरमध्ये घेऊ नये. सगळ्या पद्धती नीट असताना घोटाळा होतो तो बहुधा अशा घाईच्या खरेदीतून.

संशयित लॉट सापडल्यास तो लगेच कुलूपबंद करून त्यावर लाल पट्टी लावावी, तयार मालातील त्याचा माग काढावा, आणि निर्यात झालेला असेल तर आयातदाराला त्वरित लेखी कळवावे. तो लॉट स्वस्तात दुसऱ्या कोणाला विकून मोकळे होणे हा मार्ग नाही. ती केबल शेवटी दिल्लीतील सीलमपूरसारख्या एखाद्या भंगाराच्या वस्तीत पोहोचते, तिथे तांबे काढण्यासाठी ती जाळली जाते आणि त्या धुरात माणसे व मुले राहतात. माल सप्लायरला लेखी कारणासह परत करावा, किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे सोपवून त्याची पावती फाइलीला लावावी.

जुन्या सुट्या भागांचा प्रश्न उरतो. १ मे २०१४ पूर्वी बाजारात आलेल्या उपकरणांसाठी लागणारे सुटे भाग, त्यांचे अनुरूप पर्याय उपलब्ध नसतील तरच, या मर्यादांतून वगळता येतात. असे भाग स्टोअरमध्ये निराळ्या रॅकवर ठेवून त्यांच्यावर जुन्या मॉडेलचे नाव लिहावे, आणि अनुरूप पर्याय मिळू लागताच उरलेला साठा उत्पादनाच्या लाइनजवळ न नेता थेट अधिकृत पुनर्प्रक्रियेला पाठवावा.